चार पानांचा का होईना, आपला अंक

मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की फाइन भरावा लागायचा. घर उल्हासनगर कॅम्प ५ ला. शेजारी सिंधी, दुकानात हिंदी, मराठी फक्त आईशी. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची आजही बोंब आहे.

मागच्या सेमला मेसमध्ये विषय निघाला, की हॉस्टेलचा एक छोटा मराठी अंक काढू. चार पानं, झेरॉक्स, किंमत पाच रुपये. लगेच कोणीतरी म्हणालं, "आधी शुद्ध लिहायला शिका!" विषय बारगळला. मीही गप्प बसले. चुकलंच माझं.

कारण नंतर सुट्टीत आमच्या कॅम्पातल्या एका काकांकडे 'अस्मितादर्श'चे जुने अंक पाहिले. १९६७ मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयात 'अस्मिता' नावाने सुरू झालेलं हे त्रैमासिक पुढे 'अस्मितादर्श' झालं. संपादक प्रा. गंगाधर पानतावणे. नावाजलेल्या मासिकांत ज्यांना जागा नव्हती, ते दलित तरुण इथे आपल्या वस्तीच्या भाषेत लिहू लागले. लेखक-वाचक मेळावे भरले. कालचा वाचक आज लेखक झाला, आणि अंक वाढला. तिकडे 'सत्यकथा'सारखं मातब्बर मासिक १९८२ मध्ये बंद पडलं. पानतावणे सर मात्र २०१८ मध्ये जाईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, 'अस्मितादर्श'शी जोडलेले राहिले. २००९ मध्ये सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्षही तेच होते.

आपली अडचण त्यांच्यासारखी नाही, हे मला कळतं. त्यांना समाजाने माणूस म्हणूनच नाकारलं होतं. आपल्याला नुसती लाज वाटते. मग आपण थांबायचं कशाला? अंक गुळगुळीत कागदाने वाढत नाही, लिहिणारे वाढले की वाढतो. आणि ते वाढतात अंक वेळेवर निघाला, नवख्याचंही छापलं तर.

काही जण म्हणतील, कचरा छापला जाईल. जाईल थोडा. पुढच्या अंकात त्यावर सणसणीत टीका छापू. सरांना आणि मॅडमना एकच विनंती: आमचं शुद्धलेखन जरूर तपासा, पण मजकुराला कात्री लावू नका. वर्षातून एकदा निघणाऱ्या या मॅगझिनला नियम असतात, असू देत. तो अंक आमच्या खिशातून निघेल.

माझे पाच रुपये तयार आहेत. लेखही तयार आहे, चुकांसकट. तुमचा?