गाडी साच्यातली चालेल, तपासणी नको

हल्ली रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींवरील बोधचिन्ह वाचल्याखेरीज कंपनी ओळखू येत नाही. ॲम्बेसेडरची गोलाई किंवा प्रीमियर पद्मिनीचे चौकोनी नाक दुरूनही ओळखता येई. त्यातली पद्मिनी तर आपल्या मुंबईतल्या कुर्ल्याची. आताच्या बहुतेक गाड्या पांढऱ्या नाहीतर करड्या आणि चेहरेपट्टीने सख्ख्या बहिणी!

यामागे रसिकतेचा अभाव आहे, तसा हिशेबही आहे. वाऱ्याचा विरोध कमी करायचा म्हटले की सगळ्यांची वळणे सारखीच येतात. एकाच सांगाड्यावर अनेक मॉडेले उभारली की खर्च वाचतो. २००६ पासून चार मीटरच्या आतील लहान गाड्यांना करसवलत मिळू लागली, तेव्हापासून कित्येक गाड्यांची पाठ कात्रीने कापल्यासारखी दिसते. पांढरा रंग उन्हात कमी तापतो आणि पुढे विकताना गिऱ्हाईकही लवकर मिळते. व्यापारी घरांना हे गणित निराळे समजावून सांगायला नको.

माझा कल व्यवहारी गाडीकडेच आहे. १९९९ साली वॅगन-आर आली तेव्हा अनेकांनी तिला 'डबा' म्हटले. पण उंच छत आणि खुर्चीच्या उंचीचे आसन यांमुळे गुडघेदुखी असलेल्या आजींना तीत फारसे न वाकता बसता येते. सौंदर्याच्या बाबतीत गुडघ्यांचेही मत विचारात घ्यावे.

साचेबंद गाडीने कोणाचे नुकसान होत नाही. घाईच्या, साचेबंद तपासणीने मात्र होते. 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांचा आढावा प्रसिद्ध झाला. प्राथमिक उपचारांत डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात, हा त्याचा विषय. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटे! दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. बाहेर खोळंबलेली गर्दी त्यांनाही दिसत असते.

बँकेत कर्जाची प्रकरणे पाहताना ताळेबंद लवकर वाचून होई, पण धंद्याची खरी स्थिती कळे ती चहाचा कप खाली ठेवताना सहज निघालेल्या वाक्यातून: "धाकटा भाऊ वेगळा झाला, साहेब." रुग्णाचेही तसेच असते. घरातील वडीलधारी मंडळी पित्त आणि झोप यांवर बोलतात आणि उठता उठता म्हणतात, "जिना चढताना छातीत जरा जड वाटते, बाकी काही नाही." त्या 'बाकी काही नाही'मध्येच सगळे असते, आणि तोवर पुढच्या रुग्णाचे नाव पुकारलेले असते.

यावर आपल्या हाती असलेला उपाय रोजमेळ लिहिणाऱ्यांना कठीण नाही. जाण्यापूर्वी चिठ्ठीवर मुख्य तक्रार पहिल्या ओळीत लिहावी, केव्हापासून तेही लिहावे. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे व मात्रा सोबत न्याव्यात. एकच औषध दोन डॉक्टरांकडून दोन निराळ्या नावांनी घेतले जाण्याचा धोका त्यामुळे टळतो. बरोबर घरातले एक माणूस असावे. आणि निघताना विचारावे, "कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे?"

नव्या गाडीसाठी आपण तीन शोरूम पालथी घालतो, चालवून पाहतो, विम्यावर घासाघीस करतो. गाडी दहा वर्षांनी बदलता येते. ज्या देहाला बदली नाही, त्याच्यासाठी एक चिठ्ठी लिहिण्याइतकी सवड काढावी.