‘किती मिळतील?’ हे सगळ्यात शेवटी विचारा

गेल्या रविवारी आमच्या कट्ट्यावर म्हापशाच्या मैत्रिणीनं कागदाच्या पुडीतून एक नाणं काढलं. चतुर्थीच्या साफसफाईत ते तिला देव्हाऱ्याच्या खणात सापडलं होतं. एका बाजूला पोर्तुगीज प्रजासत्ताकाचं नाव, दुसरीकडे ‘एस्तादो दा इंडिया’, किंमत ६० सेंताव्हो आणि साल १९५८.

आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा भेटतो. प्रत्येकानं नवीन मिळालेलं एखादं परदेशी नाणं आणायचं आणि त्याची गोष्ट सांगायची, एवढाच नियम. तर पहिला प्रश्न आला, ‘साठच का? पन्नास का नाही?’ मग मोबाइलवर शोधाशोध, कागदावर आकडेमोड. पोर्तुगीजांनी गोव्यात जुना रुपिया-टांगा बंद करून एस्कुदो आणला, तेव्हा एका रुपियाला ६ एस्कुदो असा दर ठरवला. एक एस्कुदो म्हणजे १०० सेंताव्हो. म्हणजे रुपयाला ६०० सेंताव्हो, आणि ६० सेंताव्हो म्हणजे रुपयाचा दहावा भाग. भारतात १९५७ पासून दशमान पद्धत सुरू झाली होती. थोडक्यात काय, हे नाणं म्हणजे आपले दहा नवे पैसे! ३० सेंताव्होचं नाणं म्हणजे पाच पैसे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि हा सगळा हिशेबच संपला. मग पुढचा वाद, या नाण्याला परदेशी म्हणायचं का? मैत्रीण म्हणाली, ‘माझी आजी याच पैशांनी मासे घ्यायची, परदेशी काय त्यात?’ अर्धा तास नुसता कल्ला.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक ज्युनिअर डोकावला. ‘भारी आहे! किती मिळतील याचे?’

मैत्रिणीनं नाणं पुडीत बांधलं आणि चहा मागवला.

त्या ज्युनिअरला मी दोष देत नाही. जुनं नाणं दिसलं की हाच प्रश्न विचारायचा, हे आपल्याला रोज शिकवलं जातंय. ‘तुमच्या घरात हे नाणं आहे? मग तुम्ही लखपती!’ अशी रील बघितली नाही असा माणूस आता सापडणं कठीण. गंमत म्हणून बघून सोडून दिलं तर ठीक. पण सगळे सोडून देत नाहीत.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचंच बघा. त्यांचे भाऊ मस्कतला नोकरीला होते. त्यांनी कधीतरी आणलेलं एक नाणं काकांच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. काकांनी एका जाहिरातीवरच्या नंबरवर त्याचा फोटो पाठवला. दहा मिनिटांत फोन, ‘चार लाख देतो.’ आधी नोंदणीचे अकराशे रुपये, मग कर, मग ‘रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचं’ शुल्क. तेवीस हजार गेल्यावर फोन लागायचा बंद झाला. काकांनी दोन आठवडे घरात कुणाला सांगितलं नाही. नंतर जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाले, ‘तू ते नाणी-बिणी करतेस ना, बघ जरा, खरंच एवढे मिळतात का?’

ते नाणं होतं ओमानचं ५० बैसा. तिथे आजही दुकानात चालतं, आणि आपल्या पैशात त्याचे होतात दहा-बारा रुपये.

काय बोलावं कळेना. मी त्यांना नाण्यावरचं ‘बैसा’ हे नाव दाखवलं. हा बैसा म्हणजे आपला पैसाच! भारतीय रुपया अनेक वर्षं आखातात चालायचा. पुढे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं खास आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि ओमानमध्ये त्या १९७० पर्यंत चालल्या. रुपया गेला, पैसा नावापुरता राहिला. काका बराच वेळ नाण्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘हे मला भावानं कधी सांगितलंच नाही.’

ही गोष्ट आधी माहीत असती तर काका फसलेच नसते, असा माझा दावा नाही. पण त्यांनी ते नाणं फोन लावण्याआधी एखाद्या संग्राहकाला दाखवलं असतं, तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं, ‘काका, हे माझ्याकडे चार आहेत.’ म्हणूनच मला वाटतं, नाण्यांचा छंद एकट्यानं करण्याचा नाही. चारचौघांत नाणं मांडलं की त्याची गोष्टही कळते आणि त्याची लायकीही.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. त्यामुळे विकणाऱ्याकडूनच कुणी आधी पैसे मागितले, तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. काकांचे ते दोन आठवडेच सगळ्यात महाग पडले.

कुणी म्हणेल, मग किंमत नसतेच का? असते की! काही नाणी खरंच महाग असतात, आणि लिलाव, प्रदर्शनं, प्रामाणिक व्यापारी हेही सगळं आहे. पण जुनं म्हणजे महाग हे गणित चुकीचं आहे. रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातली तांब्याची-काशाची नाणी सोळाशे वर्षांची असूनही स्वस्तात मिळतात, कारण ती ढिगानं सापडतात. नाणं किती दुर्मीळ, कुठल्या अवस्थेत आणि मागणारे किती, यावर भाव ठरतो. उलट काही ‘जुनी’ नाणी तर कधी नाणी नव्हतीच. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, १८१८ साल आणि राम-सीतेचं चित्र असलेला तुकडा जुन्या बाजारात हमखास दिसतो. कंपनीनं असं चलन कधीच काढलं नव्हतं.

हे सगळं मला पुस्तकातून नाही, कट्ट्यावर कळलं. नेपाळच्या नाण्यावर २०५० साल बघून मी पहिल्यांदा हसले होते. ते विक्रम संवताचं, सत्तावन्न वजा करा की १९९३. थायलंडच्या नाण्यावर बुद्ध संवत, तिथे ५४३ वजा. जपानचं पाच येनचं भोकाचं नाणं आजीला दाखवलं तर ती म्हणाली, ‘अगं, आमच्या लहानपणी भोकाचा पैसा होता तसंच!’ १९४३ ते १९४७ या काळात आपल्याकडेही असा पैसा निघत होता. त्या जपानी नाण्यावर भाताची लोंबी, पाणी आणि यंत्राचं चाक असतं, म्हणजे शेती, मासेमारी आणि कारखाने. हातात घेऊन बघितल्याशिवाय हे कुठे दिसतं?

आणि चुकाही तिथेच कळल्या. पहिल्याच वर्षी मी तांब्याचं एक जुनं नाणं चिंच-मीठ लावून लख्ख घासलं आणि ऐटीत घेऊन गेले. सगळे गप्प. शेवटी एकानं सांगितलं, वर्षानुवर्षं चढलेला तो काळपट थर म्हणजेच नाण्याचं वय, आणि तो परत येत नाही. तेव्हापासून नाणी घासत नाही.

जे यंदा शिकायला परदेशी चाललेत, त्यांच्यासाठी आणखी एक. तिकडच्या मित्रांना भेट म्हणून आजोबांची शिवराई बॅगेत टाकू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि ते आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. त्याऐवजी येताना तिकडची सुटी नाणी खिशात ठेवा. युरोच्या नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी देशागणिक वेगळी. ग्रीसच्या एक युरोवर घुबड, इटलीच्या एक युरोवर लिओनार्दोचं चित्र. विमानतळावरच्या दानपेटीत टाकण्याआधी एकदा उलटून तरी बघा.

दिवाळीची साफसफाई आता येईलच. कपाटाच्या कोपऱ्यात, तपकिरीच्या जुन्या डबीत एखादं अनोळखी नाणं सापडेल. ते लगेच धुऊ नका, त्याचा फोटो कुठल्याही नंबरवर पाठवू नका. आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हे कुणी आणलं, कुठून आणलं. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. मग मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे एक चक्कर मारा. आणि चार मित्र जमवून ते नाणं टेबलावर ठेवा.

किती मिळतील, हे त्यानंतर विचारलं तरी चालेल.