मंद आचेवरचं मटण आणि एक डबा

गेल्या दिवाळीत अमेरिकेतला नातू जुन्नरला आला होता. आल्या आल्या म्हणाला, "आजी, एक दिवस स्वयंपाक माझ्याकडे." लेकीने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आई, तो डुकराचं मटण करणार आहे. तुला चालेल ना?" मी म्हटलं, "ओसरीवर करा, मी बघते."

त्याने पुण्याहून विजेचं भांडं आणलं होतं, स्लो कुकर. तिकडचं का नाही आणलं, तर तिथली वीज १२० व्होल्टची आणि आपली २३०. बर्फाच्या डब्यातून दीड किलो खांद्याचं मटण आणलं होतं. मीठ, हळद, आलं-लसूण आणि आपला काळा मसाला चोळला. तळाला दोन मोठे कांदे चिरून घातले, अर्धी वाटी पाणी, वर झाकण आणि मंद आचेवर आठ तास. एवढीच कृती.

मी शाळामास्तरीण, 'का' विचारल्याशिवाय राहवत नाही. नातू म्हणाला, खांदा सतत कामात असतो म्हणून चिवट. त्यातले तंतू बांधून ठेवणारं कोलॅजन दीर्घकाळ ओल्या उष्णतेत राहिलं की विरघळून जिलेटिन होतं आणि मांस धाग्याधाग्यांनी सुटतं. झाकण सारखं उघडायचं नाही, वाफ गेली की वेळ वाढतो. गोठलेलं मटण थेट घालायचं नाही. आणि वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न आधी. मग भांड्यातलं लगेच गॅसवर चढवायचं, कोमट ठेवून द्यायचं नाही.

मला त्यात नवल वाटलं नाही. गोवरीच्या आचेवर दिवसभर तापणारं दूध आणि चुलीवर रटरटणारं हुलग्याचं शेंगोळं आपण खाल्लंय. फरक एवढाच की तेव्हा चुलीपाशी सासूबाई धुरात डोळे पुसत बसायच्या. या भांड्यापाशी कुणी बसत नाही, हे मला फार आवडलं.

नातवाने आणखी एक गंमत सांगितली. हे भांडं काढणारे आयर्विंग नॅक्सन ज्यू होते, १९४० साली त्यांना पेटंट मिळालं. त्यांची आई लिथुआनियातल्या आठवणी सांगायची. शब्बाथला चूल पेटवायची नाही म्हणून आदल्या संध्याकाळीच कडधान्याचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायचे. म्हणजे ज्यांच्या धर्मात डुक्कर निषिद्ध, त्यांच्या घरातल्या आठवणीतून आलेल्या भांड्यात आज जगभर डुकराचं मटण शिजतंय!

संध्याकाळी दोन काट्यांनी मटण ओढून त्याने धागे सुटे केले. बाजरीची भाकरी आणि कांदा घेऊन सगळे जेवायला बसले. जावई म्हणाले, तिकडच्या हॉटेलांत हा मोठा पदार्थ समजतात. आणि मला एक डबा आठवला.

१९८४ च्या सुमारास मी आंबेगाव तालुक्यात एका शाळेत शिकवत होते. मधल्या सुट्टीत वस्तीवरच्या एका मुलाने डबा उघडला. त्यात हेच मटण होतं. बाकीची मुलं उठून लांब बसली. मी काय केलं? त्या मुलांना रागावले नाही. त्यालाच म्हणाले, "उद्यापासून तू तिकडे झाडाखाली बस." दुसऱ्या दिवशी त्याने कोरडी भाकरी आणि चटणी आणली. नंतर डबाच आणेना.

नातवाच्या पोराटकी हौसेचं कौतुक आणि त्या मुलाला झाड. मांस तेच, शिजवणाऱ्याचं घर तेवढं वेगळं.

मी त्या दिवशी ते मटण खाल्लं नाही. आता या वयात जीभ वळत नाही. पण पंगतीत शेवटपर्यंत बसले, नातवाला भाकरी वाढली. माझं मत एवढंच आहे: न खाणं हा आवडीचा, श्रद्धेचा प्रश्न आहे, तो ज्याचा त्याने सोडवावा. पण दुसऱ्याच्या ताटावरून उठून जाणं किंवा त्याला उठवणं हा अपमान आहे. हे मला बाई असताना कळायला हवं होतं.

आपल्या नातेवाइकांपैकी काहींना हे वाचून राग येईल. येऊ दे. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. कधी भेटला तर ओसरीवर बोलावून त्याच्याशेजारी जेवायला बसायचं आहे.