रोजची एक ओळ

महाविद्यालयांच्या फलकांवर, वृत्तपत्रांच्या कोपऱ्यांत आणि आता भ्रमणध्वनीवरही रोज सकाळी एक ओळ येते. आजचा शब्द, आजचा दिनविशेष, ‘तुम्हाला हे ठाऊक आहे काय?’. या सदरांना नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. घमेले, बिजागरी आणि पगार हे तिन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले, हे प्रथम कळल्यावर ज्याचा चेहरा जराही उजळत नाही असा विद्यार्थी आम्हाला अजून भेटायचा आहे. आमची तक्रार एवढीच, की ही ओळ प्रश्न मिटल्याच्या थाटात येते. वस्तुतः ती पुष्कळदा एखाद्या न संपलेल्या वादातून उचललेली असते, आणि शिकण्याजोगे जे काही असते ते त्या वादात असते.

‘मराठीतील पहिला शिलालेख कोणता?’ हे उदाहरण घ्या. ‘श्रवणबेळगोळ, इ. स. ९८३’ हे उत्तर कित्येक पिढ्यांनी पाठ केले आहे. गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ अशी ओळ आहे. चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री; त्याने करविलेली मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची; तेव्हा ओळही त्याच वेळची, असा हा सरळ हिशेब. परंतु तेथेच ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’ अशी दुसरी ओळ आहे. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचे आवार. ते बांधविणारा गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे आहे. मग पहिली ओळही मूर्तीनंतर शतकाहून अधिक काळाने, गंगराजाच्या वेळीच कोरली गेली असली पाहिजे, असा निष्कर्ष शं. गो. तुळपुळे यांनी काढला आणि आद्यत्वाचा मान अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाला (शके ९३४, इ. स. १०१२) दिला. त्या लेखाच्या शकाचे वाचनही सर्वांना मान्य नाही. ज्यांना ते मान्य नाही त्यांच्या दृष्टीने सोलापूर जिल्ह्यातील कुडलचा, आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला शके ९४० चा लेख पुढे येतो.

या साऱ्यातून विद्यार्थ्याला काय मिळाले? मूर्तीचा काळ आणि मूर्तीवरील लेखाचा काळ एकच असतो असे नाही, हे कळले. अक्षरवळणाचीही साक्ष काढता येते, हे कळले. तृतीयेचा ‘एं’ आणि ‘करवियलें’ हे प्रयोजक रूप पाहून एवढ्याशा ओळीची भाषा ठरविता येते, हेही कळले. आणि कन्नड मुलखात मराठी ओळ कोणासाठी कोरली, हा प्रश्न हाती उरला तो वेगळाच. ‘श्रवणबेळगोळ, इ. स. ९८३’ एवढ्यावर थांबणाऱ्याच्या पदरात यातले काहीच पडत नाही. शिवाय बहुधा चुकीचे उत्तर पडते.

हे आज मुद्दाम मांडण्याचे कारण असे, की साहित्याचे अध्यापक निवडण्याची आमची रीतच या एका ओळीच्या वळणावर गेली आहे. नेट परीक्षेतील तिसरी, वर्णनात्मक प्रश्नपत्रिका जून २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाली. तेव्हापासून पदव्युत्तर वर्गातली हुशार मुलेदेखील ‘लीळाचरित्र’ वाचण्याऐवजी त्याचा काळ पाठ करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण ‘कशावरून?’ असे कधीही न विचारता जो प्राध्यापक होईल, तो वर्गात दुसरे काय देणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. प्राचीनत्वाचे अशा ओळींना पूर्वीपासूनच मोठे आकर्षण. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात ‘महारठि’ हा शब्द आहे. तेवढ्या आधारावर तो लेखच मराठीतला, असे बिनदिक्कत सांगितले जाते. लेखाची भाषा प्राकृत आहे. प्राकृताचे मराठीशी नाते काय, हा भाषाभ्यासकांचा जुना आणि मोठ्या गोडीचा विषय आहे. तो एका शब्दाच्या जोरावर निकाली काढण्यात भाषेचा कसला गौरव?

याउलट, कधीकधी एवढेसे व्याकरणही पुरे पडते. ‘बाँबे’ हे नाव पोर्तुगीज ‘बों बाइया’, म्हणजे ‘चांगला उपसागर’, यावरून आले असे हमखास सांगितले जाते. पण ‘बाइया’ हा शब्द पोर्तुगिजात स्त्रीलिंगी आहे आणि ‘बों’ हे पुल्लिंगी विशेषण. म्हणायचेच तर ‘बोआ बाइया’ म्हणावे लागेल. ही व्युत्पत्ती रचणाऱ्याला पोर्तुगीज येत नव्हते, की कोणी ऐकीव नावावर अर्थ मागाहून चिकटवला, यावर एक अख्खा तास रंगू शकतो.

तेव्हा फलक राहू द्यावा. ओळीखाली फक्त एवढे लिहावे, की हे कोणी म्हटले, कोणत्या पुराव्यावर, आणि कोणाला ते मान्य नाही. व्युत्पत्ती असेल तर कृ. पां. कुलकर्णी यांच्या व्युत्पत्तिकोशात आणि मोल्सवर्थमध्ये पाहूनच मुलांनी ती लिहावी. दोन्हीकडे निरनिराळे सापडले तर उत्तमच, दोन्ही लिहावे. मग त्या दिवशी फलकावर जागा कमी पडेल. पडू द्यावी. दुसऱ्या दिवशीची ओळ आठवडाभराने लागली तरी आमची हरकत नाही.