प्रायव्हेट ट्रिप

आमच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला गेल्या काही वर्षांत जेवढे बोर्ड लागले, तेवढे माड कुणी लावले नाहीत. त्यातला एक मी रोज वाचतो, कारण एसटीची वाट बघताना तो बरोबर समोर येतो. ‘आयलंड लगून, सी केव्ह, डॉल्फिन. प्रायव्हेट बोट. फक्त तुमची फॅमिली.’ ‘फक्त’ आणि ‘तुमची’ हे दोन शब्द सोडले तर त्यात आमच्या भाषेतलं काही नाही. आणि माझं भांडण नेमकं त्या दोन शब्दांशीच आहे.

बोर्डावरची सी केव्ह म्हणजे वेंगुर्ला रॉक्समधली गुहा. निवतीच्या आणि वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून बघितलं तर भर समुद्रात काळे ठिपके दिसतात तो खडकांचा पुंजका. रात्री तिथल्या दीपगृहाचा उजेड फिरतो. जुन्या इंग्रजी नकाशांत त्याला बर्न्ट आयलंड्स, म्हणजे जळकी बेटं, असं नाव आहे. आता लगून. दोन खडकांच्या मधे वारा अडतो आणि पाणी जरा थारावतं, एवढंच ते लगून. माझे बाबा वारा वाढला की तिथे नांगर टाकून भाकरी खायचे. त्या जागेला आम्ही ‘आतलं पाणी’ म्हणायचो. आतलं पाणी बघायला पुण्याहून कोण कशाला येईल? म्हणून लगून.

गुहेत मी पहिल्यांदा गेलो तो बारा वर्षांचा असताना, मे महिन्यात. समुद्र तेलासारखा पडला होता. बाबांनी शिडाची काठी खाली घेतली, वल्हं हातात घेतलं आणि होडी तोंडाशी नेली. आत शिरायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाले, “हय बोलूचा नाय.” का, ते तेव्हा सांगितलं नाही. आत अंधार, वर कुठेतरी पाणी गळतंय आणि त्या अंधारात हजार माणसं एकदम चुटक्या वाजवतायत असा आवाज. मी घाबरून बाबांची लुंगी धरली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “पाकोळ्यो. पिल्लांर आसत.”

या पाकोळीबद्दल दोन गोष्टी पुढे वाचून कळल्या. तिला अंधारात दिसत नाही म्हणून ती चुटक्या वाजवत उडते आणि परत येणाऱ्या आवाजावरून भिंत कुठे, घरटं कुठे ते ओळखते. वटवाघळासारखं, पण तिच्या चुटक्या आपल्या कानाला ऐकू येतात. आणि घरटं बांधते ते स्वतःच्या लाळेनं. लाळ, पिसं, शेवाळ यांची अर्ध्या वाटीएवढी बशी ती खडकाला चिकटवते, त्यात दोन अंडी घालते. थेंबा-थेंबानं बांधलेलं घर ते. चिनी लोकांत या घरट्यांचं सूप करतात आणि त्याला सोन्याचा भाव. त्यापायी आमच्या या खडकांवरून घरटी पोत्यानं चोरीला जात होती. २००१ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या माणसांनी ती चोरी उघडकीला आणली, तेव्हा आम्हा किनाऱ्यावरच्यांना कळलं की आपल्या अंगणातून काय जात होतं. त्याच्या कितीतरी आधी हुमायूं अब्दुलअली इथे येऊन गेले होते. त्यांनी या पाकोळ्या आणि इथले सुरय पक्षी यांच्यावर १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. आमच्या शाळेत मात्र यातलं कुणी काही सांगितलं नाही. आम्हाला हिमालयातली शिखरं पाठ.

तर आता माझी चूक सांगतो. ती न सांगता दुसऱ्यांना बोललो तर हे लिहिणं खोटं होईल.

दोन वर्षांमागे एप्रिलात माझा चुलत पुतण्या घरी आला. त्यानं बँकेचं कर्ज काढून फायबरची बोट घेतली होती, मागे मोठं इंजिन. “काका, येतास काय? पार्टी हा पुण्याची. प्रायव्हेट व्हयी म्हणतत. गुहेचा तोंड तुमका म्हायत आसा, माका भरतीचो भरवसो नाय.” नेहमीच्या फेरीच्या चौपट पैसे मिळणार होते. मी गेलो. पैशासाठी नाही गेलो. गेलो ते कुणीतरी ‘तुमका म्हायत आसा’ म्हटलं म्हणून. म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरतं.

पार्टी वाईट नव्हती. नवरा-बायको, दोन मुलं, आजी. आजीनं मला डब्यातली शंकरपाळी दिली. मोठ्या मुलानं पिशवीतून स्पीकर काढला आणि गाणं लावलं. गुहेच्या तोंडाशी लाट उचलत होती, म्हणून पुतण्यानं इंजिन बंद केलं नाही. बंद केलं असतं तर बोट खडकावर गेली असती, हेही खरं. आत शिरलो. इंजिनाचा आवाज त्या भिंतींवर आपटून दहापट झाला, वर गाणं, वर मोबाईलचे दिवे. पाकोळ्या भस्सकन बाहेर आल्या, आमच्या डोक्यांवरून, तोंडांवरून. मुलं ओरडली, आनंदानंच. आणि बोटीच्या बाजूला पाण्यात काहीतरी टपकन पडलं. पिसं न फुटलेलं, बोटाएवढं. लाटेनं ते एकदा वर आणलं, मग दिसलं नाही. ते आमच्यामुळे पडलं की एरवीही पडलं असतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, हे सांगू शकतो. ‘हय बोलूचा नाय’ हे बाबांचं वाक्य मी पाळलं ते असं, नको तिथे.

परतताना त्या गृहस्थांनी मला विचारलं, “काका, इथे असं थायलंडसारखं का नाही करत?”

थायलंडसारखं करा, हे वाक्य मी तेव्हापासून आमदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ऐकलं. म्हणून मी थायलंडनं काय केलं ते बघितलं. तिकडे फी फी ले नावाच्या बेटावर माया बे म्हणून आखात आहे. २००० साली आलेल्या एका हॉलीवूडच्या सिनेमानं ते जगभर गाजलं आणि बोटींची रीघ लागली. नांगरांनी प्रवाळ फोडलं. मग जून २०१८ मध्ये थायलंडनं ते आखात बंद केलं. एक-दोन महिने नाही, जानेवारी २०२२ पर्यंत. उघडलं तेव्हाही बोटींना समोरून आत येऊ दिलं नाही. बेटाच्या मागच्या बाजूला उतरायचं आणि चालत यायचं. काळ्या टोकाच्या पंखांच्या मोऱ्या त्या पाण्यात परत आल्या. आणि त्याच बेटावर पाकोळ्यांची एक गुहा आहे, व्हायकिंग केव्ह म्हणतात. तिथली घरटी काढायचा ठेका असतो, म्हणून ठेकेदार टुरिस्टला आत पाऊल टाकू देत नाहीत. बोटी बाहेरून दाखवून पुढे जातात. म्हणजे ज्यांना घरट्यांचे पैसे कळतात त्यांनी गुहा बंद ठेवली, आणि ज्यांना पाकोळीचं प्रेम असल्याचं आपण म्हणतो त्या आम्ही ती भाड्यानं दिली. करा ना थायलंडसारखं. माझी काही हरकत नाही.

आमच्याकडे कायदा नाही असं नाही. ही पाकोळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. आणि त्या कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचा एकदा. पक्ष्याची अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणं, हीसुद्धा शिकारच. म्हणजे त्या दिवशी बोटीत आम्ही सात जण शिकारी होतो, शंकरपाळीवाल्या आजींसकट. पण किनाऱ्यावर हे कोण सांगतो? मेच्या शेवटी वॉटर स्पोर्ट्स बंद ठेवायचा हुकूम येतो, तो समुद्र खवळतो म्हणून, माणसं बुडतात म्हणून. त्याआधीचे मार्च, एप्रिल, मे हे पिल्लांचे महिने. समुद्र शांत असतो म्हणून पाकोळी तेव्हा घर करते, समुद्र शांत असतो म्हणून बोट तेव्हा आत शिरते आणि शाळांना सुट्टीही तेव्हाच असते. इतका सरळ हिशेब कुठल्याही ऑफिसात कुणी मांडलेला मला दिसला नाही.

आता पुतण्याचं ऐका. कारण मी हे सगळं त्याला बोललो तेव्हा तो भडकला. “तुमी बोलतास ता बरोबर आसा काका. पण मगे आमी खावचा काय? बँकेचो हप्तो काय पाकोळी भरतली? मी नाय नेलंय तर दुसरो कोण तरी नेतलो.”

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांपुढे मी गप्प होतो. त्याचा बाप रापणीचा माणूस. रापण किनाऱ्यावर रिकामी यायला लागली ती काही टुरिस्टांमुळे नाही. बाहेर पर्ससीनच्या बोटी एका फेऱ्यात अख्खा थवा उचलून न्यायला लागल्या, रात्री दिवे लावून मासळी गोळा करायला लागल्या. २०१६ साली सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, पण कागदावरच्या रेघेला समुद्रात कोण विचारतो? मासे गेले, म्हणून पोरांनी बोटीत माणसं घातली. शहरातून येऊन ‘कोकण बिघडवलं तुम्ही लोकांनी’ म्हणणाऱ्याला मी हे आधी सांगतो, मग चहा देतो.

पण तिसरं वाक्य, ‘दुसरो नेतलो’, ते मी ऐकून घेणार नाही. कारण हे वाक्य त्याच्या घरातलं नाही. रापण कशी ओढायची ते मी पाहिलंय. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरून यायची, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणि दोराला अख्खी वाडी. जाळ्याच्या मालकाचा वाटा, होडीचा वाटा, तांडेलाचा वाटा, मग ओढणाऱ्या प्रत्येकाचा. शाळेतून पळून येऊन दोराला हात लावलेल्या पोरालाही मूठभर तारली मिळायची. एक विधवा म्हातारी होती. तिला ओढायची ताकद नव्हती, ती नुसता दोर धरून उभी राहायची. तिचा वाटा कधी कुणी चुकवल्याचं मला आठवत नाही. आणि कुणाची रापण आधी पडायची, कुणाची नंतर, याची पाळी ठरलेली असायची. पाळी मोडून जाळं टाकणाऱ्याला ‘मी नाही टाकलं तर दुसरा टाकेल’ म्हणायची सोय नव्हती. दुसरा टाकणारच नव्हता, कारण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. रापणीत भांडणं नव्हती असं नाही, डोकी फुटलेली मी पाहिलीत. पण ती वाट्यावरून फुटायची. समुद्र एकट्याचा आहे असं म्हणून कुणी भांडल्याचं मी पाहिलं नाही.

‘फक्त तुमची फॅमिली’ हे मला खुपतं ते इथे. पैसेवाल्यानं वेगळी बोट घ्यावी, त्यात वाईट काही नाही. आजीला गर्दीत बसवत नाही, लहान मूल असतं, समजतं. पण बोट प्रायव्हेट म्हणता म्हणता गुहा प्रायव्हेट होते. चौपट दिलेत ना, मग आत नेल्याशिवाय कसं सोडणार? रोजच्या फेरीतला वीस जणांचा तांडा बाहेरूनच बघून परततो. त्यांच्यासाठी कुणी बोट खडकाला लावत नाही. आत जाते ती नेमकी प्रायव्हेट. दोन शब्दांचा हा भाव आहे, आणि तो पुण्याचं गिऱ्हाईक भरत नाही.

पुतण्याला मी म्हटलं, बाहेरून दाखव की. दीपगृह आहे, सुरयांचे थवे आहेत, डॉल्फिन आहेत. तोंडापासून लांब इंजिन बंद करून वाऱ्याच्या आडोशाला पाच मिनिटं गप्प बस. संध्याकाळी हजारो पाकोळ्या घरी शिरताना दिसतात, ते बघायला मी पैसे देईन. तो म्हणाला, “गप्प बसाचे पैसे कोण दिता काका?” विचारून बघ म्हटलं.

त्यानं विचारलं की नाही मला माहीत नाही. पण परवा तो परत आला. बंदरावरच्या बोटवाल्यांची बैठक आहे, सीझन सुरू व्हायच्या आधी दर ठरवायला. म्हणाला, “तुमी येवन सांगा. मी सांगलंय तर म्हणतले, हेचो काको बोलता.” मी म्हटलं, काकाच बोलणार आहे. तीन गोष्टी मागणार आहे. मार्च ते मे गुहेत कुणीही जायचं नाही, एकानंही नाही, आणि जो जाईल त्याची फेरी पंधरा दिवस बंद, पाळी मोडल्यासारखी. तोंडापासून किती लांब थांबायचं ते सगळ्यांनी मिळून बोया टाकून ठरवायचं. आणि बोर्डावरून ‘सी केव्ह’ काढायचं, कारण लिहिलंत की गिऱ्हाईक मागणारच.

चौथं बोलायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. त्या दिवशी गुहेत वाट दाखवायला कोण होतं, ते. बैठकीत चाळीसेक बोटवाले असतील, निम्म्यांनी बाबांना बघितलेलं आहे.