तुम्ही काय मोकळं सोडताय?

परवाच्या व्हिडिओत मी बास्केटबॉलचं उदाहरण दिलं आणि दोन मिनिटांत गुंडाळलं. "सर, खेळाचा आणि दुकानाचा काय संबंध?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून जरा नीट लिहितोय.

३१ मार्च २०२३, डॅलस. अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलची सेमीफायनल. एका बाजूला साउथ कॅरोलायना, आदल्या वर्षीचे विजेते, सलग ४२ सामने जिंकलेले. त्यांची आलिया बॉस्टन ६ फूट ५ इंच. बास्केटकडे पाठ करून जवळ उभी राहणार, चेंडू घेणार, वळणार, टाकणार. अशा खेळाडूला पोस्ट प्लेअर म्हणतात. समोर आयोवा, आणि त्यांच्याकडे आत तेवढ्या ताकदीचं कोणी नाही.

आता तुम्ही कोच असता तर? बहुतेक जण म्हणतील, आपली सगळ्यात उंच मुलगी तिच्या मागे उभी करू. इथेच गडबड होते. बास्केटच्या इतक्या जवळ चेंडू तिच्या हातात आला की तुमचा बचाव संपला. मग एक तर गुण द्या, नाहीतर फाउल करा. आणि पाच फाउल झाले की तुमचीच मुलगी बाहेर! म्हणून खरं काम चेंडू येण्याआधीचं आहे. तिची आवडती जागा आधी अडवायची, तिच्या पुढून आड यायचं, पास देणारीला सुखाने पास देऊ द्यायचा नाही.

आयोवाने आणखी एक गोष्ट केली, ती मला फार आवडते. ज्यांचा बाहेरून नेम कच्चा, त्यांना चक्क मोकळं सोडलं. केटलिन क्लार्कने तर रेव्हन जॉन्सनकडे पाहून हात झटकला, म्हणजे मार की बिनधास्त! वाचलेली माणसं आत, बास्केटखाली. बचाव करणारीने तिथे किती सेकंद थांबायचं याला कॉलेजच्या नियमात मर्यादा नाही (डब्ल्यूएनबीएत आहे). त्यामुळे ही गर्दी पूर्ण नियमात बसणारी.

साउथ कॅरोलायनाचे तीन गुणांचे २० पैकी फक्त ४ शॉट गेले. बॉस्टनला लवकर दोन फाउल लागले, तिचे गुण झाले ८. आयोवा ७७-७३ ने जिंकली. क्लार्कने एकटीने ४१ गुण केले, त्यामुळे हा नुसता बचावाचा विजय म्हटला तर खोटं ठरेल. शिवाय रिबाउंडमध्ये आयोवाची पार धुलाई झाली. पण तेवढी किंमत त्यांना परवडली.

मला माझ्या वेळी हे कळलं नव्हतं. माझ्या स्टेशनरीच्या दुकानासमोर मोठं दुकान आलं, आणि मी प्रत्येक वस्तूत त्याच्याशी भाव लावत बसलो. वह्या, कंपास, दप्तरं, सगळ्यात. आठ महिन्यांत भांडवल संपलं. दप्तरं त्याला देऊन टाकली असती आणि शाळांच्या ऑर्डरी धरून बसलो असतो, तर कदाचित टिकलो असतो. अजूनही ते दप्तरांचं बिल आठवलं की पोटात गोळा येतो.

आता याची दुसरी बाजू, जी व्हिडिओत राहून गेली. ७ एप्रिल २०२४, क्लीव्हलंड. याच दोन टीम, यावेळी फायनल. बॉस्टन कॉलेज संपवून गेलेली, पण आत ६ फूट ७ इंचांची कामिला कार्दोसो. तिने १५ गुण आणि १७ रिबाउंड घेतले. बाहेरूनही यांचे शॉट पडू लागले होते, बदली आलेल्या टेसा जॉन्सनने १९ गुण केले. रेव्हन जॉन्सन तो झटकलेला हात वर्षभर विसरली नव्हती. क्लार्कच्या मागे बराच वेळ तीच होती. साउथ कॅरोलायना ८७-७५.

म्हणून कोणी "सर, एकदाच स्ट्रॅटेजी सांगा, कायमची" असं म्हणालं की मला हसू येतं. तुम्ही मोकळं सोडलेला माणूस घरी जाऊन सराव करतो हो!

तुमच्या समोर कोण उभं आहे आणि तुम्ही त्याला कोणती एक गोष्ट सोडून देणार आहात, ते कमेंटमध्ये लिहा. नुसतं "क्वालिटी देणार" असं लिहू नका, वस्तूचं नाव लिहा. रविवारच्या लाइव्हमध्ये त्यातली तीन घेऊ.