उपवासकाळातील एक पोथी

माघ-फाल्गुनाच्या सुमारास ख्रिस्ती पंचांगातील उपवासकाळ सुरू होतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेने क्रुसाची खूण करून घ्यायची आणि तेथून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस व्रतस्थ राहावयाचे, असा त्याचा सर्वसाधारण विधी. प्रभू येशूने अरण्यात चाळीस दिवस उपोषण केले, त्याचे हे स्मरण. आमचे मैलूर ज्या बिदर जिल्ह्यात आहे, तो कॅथलिक व्यवस्थेत २००५ साली स्थापन झालेल्या गुलबर्गा धर्मप्रांतात मोडतो. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यात काय चालते हे जाणून घेणे हा शेजारधर्मच होय. म्हणून या महिन्यात या व्रताचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

'उपवास' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे असा आहे. अन्न सोडणे हे त्याचे साधन, सान्निध्य हे साध्य. कॅथलिक चर्चने हा भेद चांगला ओळखला आहे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे जुने कडक नियम सैल केले. तेव्हापासून सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवसांपुरता उरला. उरलेल्या दिवसांत भर आहे तो प्रार्थनेवर, आत्मसंयमनावर आणि दानधर्मावर. या काळात उपासनेतून 'हालेलुया' हा आनंदाचा उद्घोष वगळला जातो, वेदीवर फुलांची आरास नसते आणि शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने भक्तिभावाने केली जातात.

आता प्रश्न असा की, जे साधू आणि ज्या भगिनी मठात राहतात, त्यांनी या काळात आणखी काय करावयाचे? त्यांचा तर बारा महिने प्रार्थनेचाच दिनक्रम असतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कोठे ओतावे?

या प्रश्नाचे उत्तर सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी देऊन ठेवले आहे. मठवासीयांसाठी त्यांनी लिहिलेल्या नियमग्रंथात त्र्याहत्तर प्रकरणे आहेत. त्यांतील एकोणपन्नासावे उपवासकाळावर आहे. त्याचा आशय असा: साधूचे सारे आयुष्यच खरे म्हणजे उपवासकाळासारखे असावे, परंतु तेवढे बळ थोड्यांच्याच अंगी असते, म्हणून निदान हे दिवस तरी निर्मळपणे घालवावेत. प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या नेमात स्वेच्छेने आणि आनंदाने थोडी भर घालावी. थोडी एकान्त-प्रार्थना वाढवावी. थोडे अन्न, थोडी झोप, थोडी बडबड आणि थोडी थट्टामस्करी कमी करावी. मात्र जे काही करावयाचे ते मठाधिपतींना आधी सांगून, त्यांच्या अनुमतीने करावे. न सांगता केलेली तपश्चर्या पुण्यात जमा होत नाही, अहंकारात जमा होते.

वाचकहो, या शेवटच्या अटीत मनुष्यस्वभावाची केवढी पारख आहे पाहा. गुपचूप धरलेले व्रत दोन रीतींनी बिघडते. एक तर ते चौथ्या दिवशी गुपचूप सुटते, किंवा मग अतिरेकाला जाऊन मनात ताठा उत्पन्न करते. वडीलधाऱ्याच्या कानावर घातलेले व्रत मात्र बेताचे राहते आणि शेवटास जाते.

त्याच ग्रंथाच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात आणखी एक नियम आहे. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक साधूला ग्रंथालयातून एक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मधले काही न गाळता, क्रमाने वाचावा. वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठ साधूंनी मठात फेरी मारून कोणी आळसात किंवा गप्पांत तर वेळ दवडीत नाही ना, हे पाहावे. शिक्षकी पेशातील माणसाला हे वाचून हसू आल्याखेरीज राहणार नाही. बाराव्या शतकातील गीगो नावाच्या मठवासीने अशा वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. आपल्या उपनिषदांतील श्रवण, मनन आणि निदिध्यासन यांच्याशी त्यांचे नाते सहज ध्यानी यावे. प्रार्थना खोल करणे म्हणजे शब्दांची रास वाढविणे नव्हे. थोडेच शब्द घेऊन त्यांच्यापाशी अधिक काळ बसणे होय.

एका ग्रंथापाशी असे बसल्याने काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्या मराठी भाषेतच आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये निवर्तेपर्यंत तेथील मिशनकार्यातच राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, हाती नवे काही आले नव्हते. ती उणीव जाणून स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत १६१६ साली छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. भाविक तो ऐकू लागले, वाचू लागले.

मग १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. छापलेले गेले; हाताने उतरून घेतलेले उरले. ज्या हस्तलिखित प्रती दक्षिण कानडा जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाने जपून ठेवल्या होत्या, त्यांच्या आधारे जोसेफ एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध केला. देवनागरी लिपीतील आवृत्ती पुण्यास निघाली ती १९५६ साली.

या हकीकतीवर महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने क्षणभर थांबावे. मंगळूरच्या त्या समाजाची घरची बोली कोकणी, भोवतालच्या भाषा तुळू आणि कानडी. मराठी भाषा टिकवावी अशी काही त्यांची प्रतिज्ञा नव्हती. त्यांनी जपली ती आपली भक्ती. भाषा तिच्या पदराला धरून मागोमाग आली. राजाज्ञा, छापखाना आणि ग्रंथालय यांना जे साधले नाही, ते वाचल्या जाणाऱ्या पोथीने साधले.

आपल्या सीमाभागातील घरांचे काय? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बिदर म्हैसूर राज्यात आले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे त्याचे तालुके मुंबई राज्यात गेले. तेव्हापासून 'मुलांचे मराठी कसे टिकणार?' ही चिंता आपण करीत आलो आहोत. पोथ्या मात्र कपाटात लाल फडक्यात बांधलेल्या आहेत. आजोबांना अध्याय पाठ असतो, नातवाला त्यातील लिपीही अडखळत वाचता येते. संध्याकाळी दिवा लागतो, पण दिव्यापाशी सारे घर एकत्र बसत नाही.

आमचे सांगणे एवढेच की, मठवासीयांचा तो नियम गृहस्थाश्रमातही चालण्यासारखा आहे. येत्या चातुर्मासात घराने एकच ग्रंथ निवडावा, मग ती ज्ञानेश्वरी असो, दासबोध असो की ख्रिस्ती घरातील शुभवर्तमान असो. रोज ठरल्या वेळी पंधराच मिनिटे, क्रमाने, मधले न गाळता वाचावे. वाचल्यावर दोन मिनिटे कोणी बोलू नये. घरातील प्रत्येकाने या काळात काय वाढविणार आणि काय कमी करणार, हे आरंभीच ज्येष्ठांना सांगावे. ज्येष्ठांनीही आपला नेम मुलांना सांगावा, म्हणजे देखरेख दोन्हीकडून राहील. आणि मुख्य गोष्ट, या बैठकीला भाषेच्या तासाचे रूप येऊ देऊ नये. मूल उच्चारात चुकले तर तेथेच टोकू नये. पुढची ओवी वडिलांनी सावकाश, स्पष्ट म्हणावी. ऐकता ऐकता ते आपोआप सुधारेल, असा आमचा विश्वास आहे.